लकडूचं हसणं

माझ्या थोरल्या जाऊबाई मोठ्यानं हसल्या, ते मी पहिल्यांदा राजूरला ऐकलं. लग्न होऊन टेंभुर्णीला आले त्याला बरेच दिवस झाले होते, पण तोवर मी त्यांना फक्त कामं सांगतानाच ऐकलं होतं. हे झाक, ते उचल, म्हशीला पाणी दाखव. उंच बाई, अंगानं काटक, बोलणं मोजकं. घरात सासूबाई होत्या, पण घर चालायचं ते जाऊबाईंच्या नजरेवर. मी त्यांना भ्यायचे, आणि खरं सांगायचं तर थोरले दीरसुद्धा जरा दबूनच असायचे.

त्या वर्षी चतुर्थीला आम्ही बायका गाडीनं राजूरच्या गणपतीला गेलो होतो. लढाईचे दिवस होते. ज्वारीवर सरकारची सक्तीची लेव्ही बसली होती आणि रॉकेलसाठी हातात बाटली घेऊन उभं राहावं लागायचं. तरीही देवळामागच्या मोकळ्या रानात सिनेमाचा तंबू लागला होता. बायकांसाठी मधोमध कनात बांधून वेगळी जागा केली होती. सासूबाई आधी नको म्हणाल्या, मग म्हणाल्या की एवढ्या लांब आलोच आहोत तर बघू.

मोठ्या सिनेमाच्या आधी त्यांनी एक लहान सिनेमा दाखवला. त्यात माणसं नव्हती. हातानं काढलेली चित्रं होती, आणि ती चालत होती. आमच्या पुढची एक बाई उठून पडद्यामागं कोण आहे ते बघून आली. चित्रं परमुलखातली होती, बोलणं कुणालाच कळत नव्हतं, म्हणून तंबूवाल्याचा माणूस कर्णा घेऊन दखनीत सांगत होता. गोष्ट साधी होती. अंगात ढगळ कोट घातलेला एक तरस एका म्हाताऱ्या मेंढीच्या कोकरावर टपलेला असतो. तो खड्डा खणतो आणि स्वतःच पडतो. कोकराच्या आईचं सोंग घेतो आणि धनगर त्याचीच लोकर कातरून टाकतो. शेवटी मेंढी त्याला कड्यावरून ढकलते. तो खाली भाकरीसारखा चपटा होतो, उठतो, कोट झटकतो, पडद्यातून आमच्याकडं बघून खदाखदा हसतो आणि डुलत डुलत निघून जातो.

तिथं जाऊबाई हसल्या. पदर तोंडाशी न्यायचंही त्यांना भान राहिलं नाही. कनातीपलीकडचे पुरुष माना वळवून बघायला लागले. सासूबाईंनी त्यांना कोपर मारलं, तरी त्या थांबेनात. परतीच्या वाटेवर, गाडीत, त्या आपल्याशीच म्हणाल्या, "ज्यानं हे काढलं त्यानं तरस बघितलेला हाय. चाल बराबर हाय त्याची."

त्यांना ते कळत होतं. त्यांचं माहेर धावड्याकडचं, डोंगराच्या कुशीतलं. लग्न होईपर्यंत त्या मेंढरांमागं हिंडल्या होत्या. आमचंही घर मूळचं मेंढरांचंच, पण टेंभुर्णीला शेती धरल्यापासून मेंढरं हौसेपुरती उरली होती.

कर्णेवाला त्या तरसाला लकडबग्गा म्हणाला होता. सासूबाईंच्या तोंडी त्याचा लकडू झाला, आणि पुढं सगळी आळी त्याला लकडूच म्हणायला लागली.

तंबू गेला, पण लकडू गेला नाही. एका बाजारी दीर जालन्याहून सरकी घेऊन आले, तेव्हा गठुळ्यात एक चित्रांचं चोपडं होतं. जालन्याच्या एका छापखान्यानं लकडूच्या नव्या गोष्टी काढल्या होत्या. पानावर चौकटीत चित्र, खाली दोन ओळी मजकूर, एका बाजूला उर्दू आणि एका बाजूला मराठी. माझे वडील जालन्याला कापसाच्या जिनिंगमध्ये राखणीला होते, म्हणून मला चार बुकं शिकायला मिळाली होती. आळीत वाचता येणारी बाई मी एकटीच. दुपारी बियाण्याच्या शेंगा फोडायला बायका आमच्या ओसरीवर जमायच्या. तिथं मी ते चोपडं वाचून दाखवलं. पुढचं आलं तेव्हा तेही वाचलं. मग तो रिवाजच पडला.

चोपड्यातल्या लकडूला बायको होती, गुहेत पिल्लं होती. लहानपणी त्याची आई मेली होती. कोकरू चोरायला निघताना त्याच्या डोळ्यांत पाणी यायचं, आणि मेंढीनं हाकलल्यावर तो झाडाखाली बसून रडायचा. चित्रकारानं आसवं फार सुरेख काढलेली असत, एकेक थेंब मोत्यासारखा. सासूबाईंचे डोळे भरून यायचे. त्या म्हणायच्या की तंबूत आपण त्याला उगाच हसलो. पिल्लं उपाशी असतील तर बापानं काय करावं? ते दिवस असे होते की आळीतल्या पुष्कळ जणींना हे पटायचं. घरातली ज्वारी लेव्हीत गेलेली, आणि कोण कुणाकडं अर्धी पायली मागायला गेलं हे सगळ्यांना माहीत. मीही सासूबाईंच्याच बाजूची होते.

जाऊबाईंना ते चोपडं बिलकुल आवडलं नव्हतं. पहिलं त्यांनी ऐकून घेतलं. दुसऱ्या चोपड्याला मात्र त्यांनी हातातली शेंग खाली ठेवली.

"आत्याबाई, भूक त्यालाबी होती, तंबूतल्या," त्या म्हणाल्या. "कोट कसा लोंबत होता, बघितला न्हाई का? पर त्यो आपल्या दारात येऊन रडला न्हाई."

सासूबाई म्हणाल्या की रडणं म्हणजे काही पाप नव्हे.

"पाप न्हाई. पर ह्यो रडतो आन् आपण त्याची कीव करतो. तो पडला, उठला आन् हसत गेला, त्याची कुणी कीव केली न्हाई. मंग दोघांत मोठा कोण?"

यावर दुपारच्या दुपारी वाद चालला. एकीनं विचारलं, वाईटाला चांगलं का म्हणायचं? जाऊबाई म्हणाल्या, मी कुठं चांगला म्हणते, तो चोरच आहे, पण चोरासारखा चोर आहे. दुसरी म्हणाली, चोपड्यामुळं निदान तो असा का झाला ते तरी कळतं. सासूबाईंनी तेवढंच धरून ठेवलं. त्यांचं म्हणणं होतं की आपण कुणाचंही एक टोक बघतो, चोपड्यानं दुसरं टोक दाखवलं, हे उपकारच. मला दोघींचंही ऐकत राहावंसं वाटायचं. ज्या बायकांनी घरात कधी मत मांडलं नव्हतं, त्या एका चितारलेल्या तरसापायी इतकं नीट बोलत होत्या. शेंगा मात्र त्या दिवसांत फार कमी फुटल्या.

मग एका चोपड्याच्या शेवटच्या पानावर मी वाचलं, की पुढच्या भागात लकडू मेंढीच्या पाया पडून माफी मागणार आणि चोरी कायमची सोडणार. सासूबाईंनी हात जोडले. जाऊबाई उठून आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी कापसाची गाडी जालन्याला जाणार होती. दीर बैलांना जू घालत होते, तेव्हा जाऊबाई नेसत्या लुगड्यावर पदर खोचून बाहेर आल्या.

"मी येते," त्या म्हणाल्या. "धाकटीबी येईल, वाचायला."

दीरांनी विचारलं, काय काम आहे? त्यांनी छापखान्याचं नाव घेतलं. दीरांनी सासूबाईंकडं पाहिलं. सासूबाई हरल्या तर हरल्या, पण मागं हटणाऱ्या नव्हत्या. त्या म्हणाल्या, "जाऊ दे. त्या चितारणाऱ्याला विचारून तर या, मीच बराबर हाय का न्हाई ते."

छापखाना जालन्याच्या बाजारात एका बोळात होता. आत ओल्या दगडांचा आणि शाईचा वास. गुळगुळीत घासलेल्या दगडी फरशांवर, कागदावर सुलटी उमटावीत म्हणून, उलटी अक्षरं आणि उलटी चित्रं काढलेली. कोपऱ्यात मांडी घालून एक म्हातारे उस्ताद बसले होते, पांढरी दाढी, बोटं काळी. दोन खेडवळ बाया दारात बघून त्यांनी आम्हाला आधी बसायला चटई दिली, पाणी मागवलं, आणि मगच काम विचारलं.

जाऊबाईंनी चोपडं त्यांच्यापुढं उघडलं आणि लकडूवर बोट ठेवलं. "चाचा, ह्यो तरस हाय का कुत्रं?"

उस्ताद मनापासून हसले. म्हणाले की त्यांनी जन्मात तरस पाहिलेला नाही. आणि तंबूतला सिनेमा? "पिच्चर मैं नै देखा, अम्मा. आँखाँ काम नै करते अंधेरे में. पोता देख के आया, उनेच बोला, मैं निकाल दिया."

आम्ही दोघी एकमेकींकडं बघत राहिलो. इतके दिवस ओसरीवर ज्याच्यावरून भांडण चाललं होतं, तो नुसत्या ऐकीव गोष्टीवरून काढलेला होता. मला वाटलं आता जाऊबाई रागावतील. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी शांतपणे विचारलं की मग त्याला रडवलं का?

उस्तादांनी उत्तर दिलं ते मी विसरलेले नाही. छापखान्याच्या खिडकीतून रेशनच्या दुकानाची रांग दिसायची. ते तिकडं बोट करून म्हणाले की मी रोज हे बघतो. माझा नातू म्हणाला, तो तरस चोर आहे आणि हसतो. मी विचार केला, "खाली पेट वाला हँसता किधर से?"

जाऊबाई म्हणाल्या, "चाचा, आमच्या डोंगरात दुष्काळ पडला तवा माझी आजी रानातला पाला शिजवून घालायची. आन् घालताना हसायची. म्हणायची, आज सण हाय. तिला रडता येत न्हवतं असं न्हाई."

उस्तादांनी चष्मा काढला आणि पुसला. मग एक कोरा कागद पुढं ओढला आणि म्हणाले, "दिखाओ, कैसा चलता."

मी जाऊबाईंच्या तोंडाकडं पाहिलं. परक्या पुरुषासमोर त्या डोक्यावरचा पदरही ढळू द्यायच्या नाहीत. त्या उठल्या. पदर कमरेला घट्ट खोचला, खांदे वर काढले, पाठीला मागं उतार दिला, गुडघे वाकवले आणि त्या दगडांच्या मधून चालायला लागल्या. पुढचं अंग ताठ, मागचं जणू कुणीतरी ओढून नेतंय असं. मान खाली, डोळे मात्र वर. भिंतीशी जाऊन वळल्या, आमच्याकडं बघितलं आणि तरसासारख्या हसल्या. छापखान्यातली यंत्रावरची माणसं काम टाकून उभी राहिली. थोरले दीर बैल बांधून नेमके तेव्हाच दारात आले होते. ते तिथंच उभे राहिले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर मी राग शोधत होते तर मला वेगळंच काही दिसलं. नवी नवरी बघावी तसे ते बघत होते.

उस्तादांचा हात कागदावर भराभर चालला होता. त्यांनी दोनदा जाऊबाईंना परत चालायला लावलं. शेवटी म्हणाले की चाल तुझी, हसणं तुझं, पण बायको आणि पिल्लं माझी, ती मी काढून टाकणार नाही. जाऊबाई म्हणाल्या, ऱ्हाऊ द्या. निघताना उस्तादांनी बाजूला ठेवलेली जुनी चित्रं जाऊबाईंच्या हातात दिली, घरच्या पिल्लांसाठी म्हणून.

पुढचं चोपडं यायला उशीर झाला. आलं त्या दुपारी ओसरीवर बसायला जागा नव्हती. मी पान उलटलं आणि बायकांमधून एकदम आवाज निघाला. तरस खरा तरस होता. उतरती पाठ, वाकडी चाल, झिजलेला कोट. माफी मागायला तो मेंढीच्या दारात जातो खरा, पण बोलता बोलता कोकराकडं बघतो, मेंढीला ते कळतं, आणि पुन्हा तीच पळापळ. शेवटच्या चित्रात तो रिकाम्या हातानं गुहेत येतो. बायको दारात उभी असते, उंच, पदर कमरेला खोचलेला. ती त्याला बघून हसते, मग तो हसतो, मग पिल्लं हसतात. आसू कुठंच नव्हता.

सासूबाईंनी चोपडं हातात घेतलं. त्यांना वाचता येत नव्हतं, पण त्या चित्र फार वेळ बघत बसल्या. मग जाऊबाईंकडं मान वळवून म्हणाल्या, "ही बाई वळखीची दिसून राह्यली."

जाऊबाई शेंगा फोडत राहिल्या. सासूबाईंनी आपलं म्हणणं सोडलं नाही. माफी मागायला हवी होती, असंच त्या म्हणत राहिल्या. पण ते चोपडं त्यांनी आपल्या पेटीत ठेवलं आणि आल्यागेल्याला शेवटचं पान काढून दाखवायच्या. मी कुणाच्या बाजूची, असं कुणी विचारलं तर मला त्या दिवसानंतर सांगता आलं नाही. दुसऱ्याचं बोलणं ऐकून आपलं चित्र बदलणारा तो म्हातारा आणि आपलं म्हणणं चालून दाखवणारी माझी जाऊ, दोघंही मला सारखेच मोठे वाटत आले.

निजामाचं राज्य गेलं त्या साली जालन्याला जाणंयेणं बंद पडलं. नंतर दीर गेले तेव्हा बोळातल्या छापखान्याला कुलूप होतं. उस्ताद लेकीकडं हैद्राबादला गेले, एवढंच शेजाऱ्यानं सांगितलं. जाऊबाईंनी ते ऐकून घेतलं, आणि पुढं कित्येक वर्षं जालन्याला जाणाऱ्या प्रत्येक गाडीवाल्याला त्या छापखाना उघडला का म्हणून विचारत.

राजूरला तंबू परत आला तेव्हा आम्ही तिघी पुन्हा गेलो. हातानं काढलेला एक छोटा सिनेमा त्यातही होता. या वेळी घुबड होतं, उंदरांच्या मागं लागलेलं. रात्री धर्मशाळेत मुक्काम केला आणि सकाळी गाडी जुंपली. गाडीत बसल्या बसल्या सासूबाईंनी विचारलं की त्या घुबडाला घरी कोणी असेल का. जाऊबाई म्हणाल्या, असेल, तरी त्यानं ते कुणाला सांगायचं नाही. मग जे सुरू झालं ते टेंभुर्णीची झाडं दिसेपर्यंत थांबलं नाही, आणि गाडी हाकणारे थोरले दीरही मधूनमधून मागं वळून आपलं मत द्यायला लागले.