परसों बंद पडलेली लिफ्ट

कमलमावशी डोक्यावर गठ्ठा घेऊन जिना उतरत होत्या आणि त्यांच्या मागून सक्सेना सर स्टॉपवॉच घेऊन उतरत होते. सर्वांत मागे मी. खाली पोचल्यावर सरांनी बटण दाबलं, भिंतीला टेकले आणि म्हणाले, "टू स्लो."

दम त्यांनाच लागला होता.

"काय म्हणायला गं सायब?" मावशींनी विचारलं.

"तुम्ही हळू आहात म्हणतायत."

"त्याला म्हणावं, गठ्ठा तू घे, घड्याळ माझ्याकडं दे."

हे मी सरांना सांगितलं नाही. दुभाष्यानं कुठं थांबायचं ते मला तेव्हा नीट कळत होतं. पुढे ते कळेनासं झालं.

जागा हैदराबादच्या अंबरपेठेतली. बाजाराच्या मागच्या गल्लीत शाळेचे युनिफॉर्म शिवणारं एका सेठचं युनिट. मशिना दुसऱ्या मजल्यावर, टेम्पो खाली. कापडाचे तागे वर न्यायचे, शिवलेला माल खाली आणायचा. त्यासाठी बिल्डिंगला मालाची लिफ्ट होती. 'होती' हा शब्द लक्षात ठेवा.

सरकारनं देशाची श्रम-उत्पादकता वाढवायची ठरवली होती. त्यासाठी अभियान निघालं. अभियानाला एजन्सी मिळाली, एजन्सीला दिल्लीचे सक्सेना सर मिळाले आणि सक्सेना सरांना मी मिळाले. पोस्ट 'फील्ड असोसिएट'. तेलुगू आणि मराठी बायका काय बोलतात ते सरांना सांगायचं आणि सोप्या भाषेत पत्रकं लिहायची. पत्रकांवर माझा हात विद्यानगरला शिकतानाच बसला होता. तेव्हा सरकारविरुद्ध लिहायचे, तर कुणी विचारत नव्हतं. आता सरकारच्या बाजूनं लिहिते म्हटल्यावर तारनाक्याच्या आत्यानं पेढे वाटले.

श्रम-उत्पादकता म्हणजे काय ते आधी सांगते, कारण स्लाइड बघून कळत नाही. माणसांनी मिळून किती माल काढला, भागिले किती तास राबले. बस, साधा भागाकार. तो वाढवायचे दोन रस्ते. एक, वरचा आकडा मोठा करायचा. त्याला चांगलं मशीन लागतं, वीज लागते, चालणारी लिफ्ट लागते. दुसरा, खालचा आकडा छोटा करायचा. त्याला फक्त एक सही लागते. आपल्याकडे कुठला रस्ता जास्त वापरात असतो, ते सांगायला नको.

अभियानाची सुरुवात शपथेनं झाली. 'मी माझा एकही क्षण वाया घालवणार नाही.' हे वाक्य माझंच. ते म्हणण्यासाठी सगळ्या मशिना बंद केल्या, बायकांना ओळीत उभं केलं आणि प्रमुख पाहुण्यांची वाट बघितली. पाहुणे उप्पलच्या ट्रॅफिकमध्ये अडकले होते. चहा थंड झाला, टेम्पोवाला शिव्या देऊन निघून गेला, तेव्हा कुठे शपथ झाली. मग फोटोसाठी पुन्हा एकदा झाली, कारण पहिल्या वेळी बॅनर उलटा लागला होता.

त्यानंतर सरांनी टाइम स्टडी केला. म्हणजे माणूस काम करताना शेजारी घड्याळ घेऊन उभं राहायचं. शिलाईत काही खोट निघाली नाही. खोट निघाली जिन्यावर. कमलमावशी आणि यादम्मा, दोघी हेल्पर. दिवसभर वर-खाली. सरांच्या शास्त्रात अशा कामाला 'नॉन-व्हॅल्यू-ॲडिंग' म्हणतात. ज्या कामानं वस्तूची किंमत वाढत नाही ते काम. गठ्ठा डोक्यावरून आणला म्हणून युनिफॉर्म काही महाग विकला जात नाही. इथवर शास्त्र बरोबर आहे. पुढे शिफारस होती: हे काम काढून टाका.

काम काढा म्हणजे लिफ्ट चालू करा, असं तुम्हाला वाटलं असेल. मलाही वाटलं होतं. शिफारशीत लिफ्टचं नाव नव्हतं. दोन हेल्पर कमी करा, शिलाईवाल्यांनी आपापला माल आपण खाली न्यावा, असं होतं.

मावशी मूळच्या नांदेडकडच्या. नवरा वारल्यावर या युनिटात लागल्या. घरात कमावणारं दुसरं कुणी नाही. त्यांना बातमी लागलीच होती. जिन्यावर मला अडवून म्हणाल्या, "पोरी, तुझ्याच शपथेनं आमाला काढायलेत का गं?"

मी सरळ सरांकडे गेले. बोलणं हिंदीत झालं, इथं मराठीत सांगते.

"सर, लिफ्ट बंद आहे म्हणून त्या जिन्यानं जातात. लिफ्ट हिशेबात धरली की नाही तुम्ही?"

"नोंद केली ना. टेम्पररी ब्रेकडाउन. दोन दिवसांचा विषय. आम्ही असले तात्पुरते बिघाड हिशेबात घेत नाही."

"दोन दिवस कुणी सांगितलं?"

"सगळ्यांनीच. यादम्मा म्हणाली, परसों बंद पडली. सेठ म्हणाले, परसों रिपेअरवाला आला होता. दोन वेगवेगळे साक्षीदार, एकच उत्तर."

मी कपाळाला हात लावला.

हे सरांनी मला न विचारता केलं होतं. तेलुगूसाठी मी, मराठीसाठी मी. पण यादम्मा आणि सेठ त्यांच्याशी दखनीत, म्हणजे हैदराबादी बोलीत बोलले, आणि ती सरांना हिंदी वाटली. हिंदीला दुभाषी कशाला?

आता हैदराबादच्या माणसाला विचारा. इथं परसों म्हणजे परवा नव्हे. परसों म्हणजे मागे कधीतरी. मराठीत आपण 'परवापरवापर्यंत' म्हणतो ना, त्याहून ऐसपैस. मामूचं लग्न परसों झालं, त्यांची पोरगी कॉलेजात आहे. निजामाचं राज्य कधी गेलं? परसोंच गेलं की.

हे सगळं मी सरांना समजावलं. त्यांनी हसून मान हलवली. "इंटरेस्टिंग. पण रिपोर्टमध्ये मी डिक्शनरीतला अर्थ धरणार. तुझ्याकडे प्रूफ काय?"

प्रूफ. दोन बायकांची रोजीरोटी एका शब्दावर लटकलेली आणि साहेबांना प्रूफ पाहिजे. पत्रक असतं तर मी इथं तीन उद्गारचिन्हं टाकली असती. पण तोंडावर इतकंच म्हणाले, "चला."

दुसऱ्या मजल्यावर लिफ्टचं जाळीचं दार होतं. वरून पडदा, पडद्यावर आमच्याच अभियानाचं पोस्टर. सेठ धावत आले. "अरे मॅडम, उधर नक्को! उधर कुछ बी नहीं!"

मी पडदा सारला.

आत फळी ठोकलेली. फळीवर जेवणाचे डबे ओळीनं. कोपऱ्यात आवकाय लोणच्याची बरणी, तिच्या शेजारी बाबासाहेबांचा फोटो आणि यल्लम्माचा फोटो, दोघांना मिळून एक हार. सेठच्या जुन्या कूलरचा सांगाडा. आणि वर, लिफ्टच्या कडीला, साडीची एक झोळी गुंडाळून बांधलेली.

"ये क्या है?" सरांनी विचारलं.

"झूला साब," यादम्मा म्हणाली. "मेरा पोट्टा इसमेंइच सोता था."

"अभी कहाँ है?"

"स्कूल कू गया."

"नर्सरी?"

"नै साब, तिसरी में है."

सर झोळीकडे बघत राहिले. मग सेठकडे वळले. "आप तो बोले परसों मेकॅनिक आया था!"

"हौ साब, आया था ना," सेठ अजिबात न डगमगता म्हणाले. "आया, देखा, अफसोस किया, चले गया."

मागून मावशींचा आवाज आला. "इचार त्याला, त्या लेकराचं टाइम स्टडी करायचंय का?"

या वेळी मी भाषांतर केलं. शब्दाला शब्द.

मग सरांनी एक काम केलं, त्याचं श्रेय मी देते. खाली उतरताना यादम्माच्या डोक्यावरचा गठ्ठा मागून घेतला आणि स्वतः उचलला. पहिल्या वळणापर्यंतच. तिथं त्यांनी तो ठेवला, कठड्याला धरून उभे राहिले आणि म्हणाले, "रिपोर्ट वापस लेते हैं."

मग कळलं की याच अभियानात छोट्या युनिटांची यंत्रं सुधारायला सरकारी मदत होती. पहिल्या दिवसापासून होती. ती कुणी मागितली नव्हती, कारण एजन्सीला टार्गेट शपथांचं होतं, लिफ्टचं नव्हतं. सेठनाही ठाऊक नव्हतं. त्यांना पोचलं होतं ते फक्त पोस्टर, आणि त्याचा त्यांनी पडद्यासाठी बरा उपयोग केला होता.

लिफ्ट दुरुस्त झाली. तिचं उद्घाटन झालं. त्यासाठी अर्धा दिवस काम बंद. फीत कापली, नारळ फोडला, टाळ्या झाल्या. मावशींना दोन शब्द बोलायला सांगितलं. माइक हातात घेऊन त्या म्हणाल्या, "समदं चांगलं झालं. पण आता डबे कुठं ठेवायचे?"

कमलमावशी आणि यादम्मा आता पॅकिंगच्या टेबलावर बसतात. त्याच माणसांत, त्याच तासांत माल जास्त निघतो. वरचा आकडा वाढला, खालच्याला कुणी हात लावला नाही. एजन्सीच्या यशोगाथेत मात्र या वाढीचं कारण छापलंय 'शपथेमुळे कामगारांच्या मानसिकतेत झालेला बदल'. लिफ्टचा फोटो आहे, लिफ्टचा उल्लेख नाही. मी भांडले. मला सांगण्यात आलं की मानसिकतेचा बदल दुसऱ्या युनिटांतही करता येतो, लिफ्ट प्रत्येकाकडे नसते.

त्यानंतर आम्ही एका पापड-मसाल्याच्या युनिटात गेलो. दळायचं मशीन बंद, बायका खलबत्ता घेऊन बसलेल्या. सरांनी स्टॉपवॉच काढलं, तसंच परत खिशात ठेवलं आणि मॅनेजरला विचारलं, "ये मशीन कब बंद हुई?"

"परसों, साब."

सरांनी माझ्याकडे पाहिलं, मग मॅनेजरकडे.

"कौनसा परसों?"

त्या अख्ख्या अभियानात ट्रेनिंग झालेला माणूस मी एवढा एकच पाहिला.