एक पेला मैनेचं दूध

"आदी वास घ्या, बाई."

आक्का किटलीचं झाकण उघडून किटली सरळ माझ्या नाकापाशी धरायच्या. वास घेतल्याशिवाय दुधाचा थेंब पातेल्यात पडत नसे. वास घेतला की प्रश्न ठरलेला, काल गाईनं काय खाल्लं? मी जन्मभर शाळेत इंग्रजीचे पेपर तपासले आणि निवृत्तीनंतर रोज सकाळी साडेसहाला स्वतःच्या दारात नापास होत आले. थोडा वेळ वाट पाहून त्या स्वतःच उत्तर सांगायच्या. "मारवेल हाय. वढ्याच्या कडंला सोडल्या व्हत्या." मारवेल म्हणजे एक गवत. त्याच्या दुधाला गोडसर वास येतो, पावसानं भिजलेल्या गवताचा वेगळा, वाळलेल्याचा आणखी वेगळा, हे सगळं मला त्यांनीच सांगितलं. मला सगळा वास दुधाचाच यायचा.

तुम्ही दोघा नातवंडांनी त्यांना फोनवर पाहिलेलं आहे. हिरवं लुगडं, डोक्यावर पदर, पदरावर हेल्मेट आणि खाली सुनेची स्कूटी. परवा फोनवर तुम्ही विचारलंत, ती हेल्मेटवाली आजी आता का दिसत नाही? फोनवर सांगण्याइतकं ते लहान नाही, म्हणून लिहिते आहे.

खरं तर त्या माझ्यापेक्षा दहाबारा वर्षांनी लहान, पण सगळी गल्ली आक्का म्हणायची म्हणून मीही म्हणायची. केजहून युसूफ वडगावकडे जाताना त्यांचं पाच एकर रान लागतं. दोन एकरांत मुलगा सोयाबीन पेरतो. उरलेल्या तीन एकरांत आक्कांनी नुसतं गवत राखलेलं. आजूबाजूला ऊस आणि मधे हे गवताचं रान, त्यामुळे येणारेजाणारे हसायचे. तिथेही सोयाबीन पेरू, असं मुलानं एकदा म्हणून पाहिलं. आक्का त्याला म्हणाल्या, "तू सोयाबीनचं दूध काढून आण, मी पिते." विषय संपला.

गाई चार, सगळ्या लालकंधारी, विटेच्या रंगाच्या. त्यांना पेंड नाही, उसाचं वाढं नाही. दिवसभर चरायचं आणि संध्याकाळी घरी यायचं. एक गाय घरच्यासाठी आणि बाकीच्या तीन आमच्या गल्लीतल्या तीन घरांच्या. नीट वाचा, दूध तीन घरांचं नव्हे, गाई तीन घरांच्या. पोस्टमास्तरांची गाय वेगळी, समोरच्या तांबोळी भाभींची वेगळी, आमची मैना. प्रत्येक किटलीच्या कडीला वेगळ्या रंगाची चिंधी, आमची पिवळी. एका गाईचं दूध दुसरीच्या दुधात मिसळायचं नाही.

मैना आटली की आमच्याकडे दोनदोन महिने कोरा चहा. एकदा मी म्हटलं, आक्का, पोस्टमास्तरांच्या गाईचं कपभर द्या, गाईला काय कळतंय?

"गाईला न्हाई कळत," त्या म्हणाल्या, "मला कळतंय की."

त्यातही आधी गाईला घर पसंत पडायला हवं. पहिल्या दिवशी मला शेतावर नेऊन मैनेसमोर उभं केलं होतं. मी नवी सुती साडी नेसून गेले होते. मैनेनं शांतपणे पदराचं टोक तोंडात घेतलं आणि चघळलं. आक्का खूश झाल्या. म्हणाल्या, जमलं. माझा तो पदर आजही टोकाला विरलेला आहे.

आमचं भांडण एकाच गोष्टीवरून. माझे वडील सरकारी दवाखान्यात कंपाउंडर होते, आणि न उकळलेलं दूध आमच्या घरात कधी कोणाच्या ओठाला लागलं नाही. माझीही पद्धत तीच. जाड बुडाचं पातेलं, दूध वर आलं की आच बारीक, मग घड्याळ लावून तीन मिनिटं आणि तेवढा वेळ चमचा फिरवत राहायचं. पातेल्याला आतून दीड लिटरवर खिळ्यानं एक रेघ मारून ठेवलेली. आक्कांना हे सहन होत नसे. मी गॅस पेटवला की त्या पाठ करून अंगणाकडे तोंड करायच्या.

"एवढ्या शिकलेल्या तुमी, कावून जाळता वो चांगलं दूध?"

त्या स्वतः कासेखाली पेला धरायच्या आणि फेसासकट तोंडाला लावायच्या. तसं पिणाऱ्याला म्हातारपण येत नाही, असं त्यांचं मत. त्या दिवसांत बीडहून गाड्या घेऊन कच्चं दूध मागायला लोक येत, तेव्हा आक्का त्यांच्याकडे बोट दाखवून मला म्हणायच्या की बघा, शहाणी माणसं कशी असतात.

गेल्या वर्षी मैना गाभण होती. पातेल्यातलं दूध काही आठवडे रेघेच्या बोटभर खाली दिसत होतं. गाभण गाईचं दूध कमी होतंच, म्हणून मी काही बोलले नाही.

मग एका सकाळी स्कूटी आली, पण किटलीचा आवाज आला नाही. आक्का पायरीवर बसल्या होत्या. हेल्मेट डोक्यावर तसंच.

"काल मैनेनं टाकलं, बाई. सहावा सरत आलता."

मेलेलं वासरू त्यांनीच ओढून काढलं होतं. गुरांचा डॉक्टर येऊन रक्त घेऊन गेला होता आणि जाताना म्हणाला होता की हा साथीच्या गर्भपाताचा आजार असला तर तो कच्च्या दुधातून माणसालाही होतो, आणि पोटुशी बाईनं फार जपायला हवं. मी त्यांना धीर द्यायला म्हटलं, आमची काळजी करू नका, आमच्याकडे सगळं उकळलेलं असतं.

"तुमची न्हाई वो काळजी."

मग त्यांनी हेल्मेट काढून मांडीवर घेतलं, त्याची काच पदरानं पुसली. त्यांच्या सुनेला पाचवा महिना चालू होता.

"रोज सकाळी एक पेला पाजला तिला. कच्चा. मैनेचा." नजर हेल्मेटवरच. "तुमच्या किटलीतला. घरच्या गाईचं पातळ हाय, मैनेचं घट. लेकरू चांगलं व्हावं म्हणून काढत व्हते. ती नगं म्हणायची, कच्चा वास येतोय म्हणायची. मीच डोळे वटारायची."

रेघेखालचं ते बोटभर दूध कुठे जात होतं ते मला समजलं. पण रागवावं अशी ती वेळ नव्हती. मी एवढंच विचारलं की पोरीला सांगितलंत का. त्यांनी मान हलवली, नाही.

मग तुमच्या आजीनं आयुष्यात पहिल्यांदा स्कूटीवर बसायचं धाडस केलं. आक्कांची कंबर धरून, डोळे मिटून मी शेतातल्या त्यांच्या घरापर्यंत गेले. कोणत्या खड्ड्यावर मी काय बोलले ते लिहीत नाही. तिथून जीप करून आम्ही तिघी अंबाजोगाईच्या दवाखान्यात निघालो. जीपमध्ये आक्कांनी सुनेला सगळं सांगितलं. स्वतःची बाजू न सावरता, जसं मला सांगितलं तसंच. पोरगी खिडकीबाहेर बघत ऐकत होती. ऐकून झाल्यावर ती हळूच म्हणाली,

"आत्या, रागावू नका. निम्मा पेला मी मांजरीला घालायचे."

आक्का तिच्याकडे वळून म्हणाल्या, "निम्माच कावून घातलास गं? समदा घालायचा व्हता."

आधी ड्रायव्हर हसला, मग आम्ही. पोरगी हसता हसता रडायला लागली आणि आक्कांनी तिचं डोकं आपल्या खांद्यावर ओढून घेतलं.

रिपोर्ट यायला चार दिवस लागणार होते. त्या चार दिवसांत आक्का प्रत्येक घरी स्वतः गेल्या आणि स्वतःच्या तोंडानं सांगितलं की गाईत आजार निघालाय, उकळल्याशिवाय कुणी दूध पिऊ नका. बीडच्या गाडीवाल्यांना शेताच्या फाटकातूनच परत पाठवलं. त्यातल्या एकानं म्हणे त्यांनाच कच्च्या दुधाचे फायदे समजावून सांगितले. तिसऱ्या दिवशी त्या माझ्या स्वयंपाकघरात आल्या आणि म्हणाल्या, दावा कसं उकळायचं. मी पाकिटातलं दूध गॅसवर ठेवलं. वर आलं, आच बारीक केली, चमचा त्यांच्या हातात दिला. या वेळी त्यांनी पाठ फिरवली नाही. तीन मिनिटं घड्याळाकडे बघत, ओठ घट्ट मिटून, चमचा फिरवत राहिल्या.

चौथ्या दिवशी सुनेचा रिपोर्ट स्वच्छ आला. आजार निघाला तो आक्कांना. डॉक्टरांनी त्यांचंही रक्त घेतलं होतं. मी घाबरले, पण त्या चक्क खुलल्या. दोन वर्षं त्यांचे गुडघे धरत होते, संध्याकाळी कणकण यायची, आणि ते त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं.

"मला वाटलं म्हातारपण हाय. आजारच निघाला, बरं झालं."

डॉक्टरांनी दिल्या तितके आठवडे त्यांनी गोळ्या वेळेवर घेतल्या. गुडघे सुटले.

मैनेचाही रिपोर्ट तोच होता, पण तिच्यासाठी गोळ्या नव्हत्या. तिला बाजार दाखवा, घेणाऱ्याला काय कळतंय, असं शेजारचे म्हणाले. माझ्या दावणीचं दुखणं दुसऱ्याच्या दावणीला बांधू व्हय, असं विचारून आक्कांनी त्यांना गप्प केलं. गवताच्या पार टोकाला तार ओढून मैनेला वेगळी जागा केली, वेगळी दावण, वेगळं पाणी. बाकी तिघींचं रक्त दोनदा तपासलं, त्या चांगल्या निघाल्या.

आता स्कूटीवर सून येते. आमच्या पिवळ्या चिंधीच्या किटलीतून आता त्यांच्या घरच्या गाईचं दूध घालते, उकळून घ्या म्हणते आणि जाते. आक्का गल्लीत येत नाहीत. मागच्या महिन्यात मीच शेतावर जाऊन आले. त्या तारेच्या आत बसून विळ्यानं गवत कापत होत्या. मैना कळपाशिवाय दिवसभर हंबरते, वैरणीला तोंड लावत नाही, म्हणून त्या तिच्याजवळ बसतात. मी म्हटलं, बाहेर या, चहा घेऊ. तर म्हणाल्या, सांजच्याला आंघोळ झाल्याशिवाय या हातांनी कशाला शिवत नाही. साबणानं हात धुतले तरी पुरे, असं डॉक्टरांनी सांगितलंय म्हणे, पण त्यांचा विश्वास नाही.

तेवढ्यात सून बांधावर आली. काखेत सहा महिन्यांची नात. तिनं मुलीला तारेपाशी उंच धरलं. मुलीनं आजीकडे दोन्ही हात पसरले. आक्का उठल्या, विळा खाली टाकला, जवळ आल्या आणि स्वतःचे दोन्ही हात पाठीमागे नेऊन एकमेकांत घट्ट धरले. तसंच वाकून त्या नातीशी काहीबाही बोलत राहिल्या, आणि मागून येऊन मैना त्यांचे ते हात चाटू लागली.