सिनाताईंची चटई

दुबईच्या जबल अली बंदरात लाकडी खोकी बनवणाऱ्याकडे किस्से भुशासारखे साठतात. कितीही झाडा, कोपऱ्यात उरतातच! त्यातले हे सिनाताईंचे.

सिनाताई सामोआच्या. लेखिका, प्राध्यापक, पॅसिफिक बेटांच्या कलेवर पुस्तकं लिहिलेल्या. दुबईत त्यांचं प्रदर्शन भरणार होतं, पॅकिंग आमच्याकडे. घरी विचारलं, "सामोआ कुठे गं?" मुलगी म्हणाली, "बाबा, यू साइन्ड विदाउट चेकिंग?"

तिथूनच माझी झोप उडाली!

•

पहिला माल सालीचं कापड. पोर्टवरचा तपासनीस म्हणाला, "झाडाची साल? कीड असणार. औषधाचा धूर द्या!" रंग उडाला तर? मला दरदरून घाम फुटला. सिनाताई त्याच्या पांढऱ्याशुभ्र, पायघोळ कंदुऱ्याकडे बघत म्हणाल्या, "हा कापसाच्या झाडाचाच ना? आधी कोणाला धूर द्यायचा?"

तो हसत सुटला. कागद पुन्हा नीट वाचले आणि म्हणाला, "खलास, यल्ला!" म्हणजे झालं, निघा.

•

प्रदर्शनाचा जीव म्हणजे एक चटई. सिनाताईंच्या घरची, रेशमासारखी मऊ, काठाला लाल पिसं. विमावाल्याने विचारलं, "नवी असती तर किंमत काय?"

"नवी असती तर कमी. जितक्या घरांत आहेर म्हणून फिरली, तितका तिचा मान मोठा."

आमचा पॅकर सावंत, देवरुखचा, माझ्या कानाशी लागला, "शेठ, आहेराच्या साड्या आमच्याकडेही फिरतात. पण भाव चढलेली एक बघितली नाही!"

•

गॅलरीचा मॅनेजर दर तासाला फोन करायचा. "एसी बंद पडला तर चटईचं काय?" शेवटी मी फोन सिनाताईंकडे दिला. त्या म्हणाल्या, "काही नाही. तिला घरची आठवण येईल."

•

ओपनिंगच्या आदल्या दुपारी सावंत काचपेटीचे स्क्रू आवळत होता. गावाहून फोन आला. वडील गेले. तो तिथेच खाली बसला.

सिनाताईंनी मला विचारलं, मी सांगितलं. त्यांनी पेटी उघडली, चटईची घडी घातली आणि दोन्ही हातांनी सावंतपुढे ठेवली.

मॅनेजर किंचाळला, "मॅडम, उद्या पाहुणे येतायत! कॅटलॉगच्या कव्हरवर हीच आहे!"

"चटई माझी आहे. आमच्याकडे मयताला तिला जावंच लागतं."

पेटी भरलेली दाखवायची जबाबदारी माझ्या कंपनीची, कागदावर सही माझी! मी एकदा मॅनेजरकडे बघितलं, एकदा सावंतकडे. मग स्वतःच बबल रॅप आणला. रात्रीच्या विमानाने चटई सावंतबरोबर गावाला गेली.

ओपनिंगला सगळी गर्दी त्या रिकाम्या पेटीपुढे. आत सिनाताईंच्या अक्षरात एक कार्ड, 'मयताला गेली आहे.' मी घाम पुसत खांबामागे उभा. तेवढ्यात सावंतचा फोन.

"शेठ, बाबांचं सगळं नीट पार पडलं. आई विचारते, मॅडमच्या घरी असं काही झालं, तर आपण काय न्यायचं?"