झडपेची चोरी आणि पंचनाम्यातली अकरावी ओळ

ती झडप आठवली की आजही माझं डोकं तापतं. तुम्ही दोघं फोनवर विचारता, आजी, तू चोर कसे पकडायचीस? म्हणून ही हकिगत लिहून ठेवते. नावं गाळली आहेत, कारण त्यातली माणसं अजून मला नंदुरबारच्या बाजारात भेटतात.

निवृत्तीआधी मी जिल्ह्यातल्या एका ठाण्याची प्रभारी होते. हद्दीत मका वाळवणारा कारखाना होता. शेण आणि मक्याचा कचरा कुजवून तिथे गॅस तयार करत, गॅसवर मोठं इंजिन चाले आणि इंजिनावर वीज. इंजिनाला किती गॅस जायचा ते एक झडप ठरवते. घरच्या शेगडीचं बटण आपण हाताने फिरवतो. ही झडप काम वाढलं की आपोआप उघडते, कमी झालं की मिटते. आकार सोललेल्या नारळाएवढा. पण ती नसेल तर इंजिन म्हणजे नुसतं लोखंड, आणि नवी मागवली तर यायला महिना.

दसऱ्याच्या दुपारी मालकाची फिर्याद आली. मालक तरुण, पुण्याला इंजिनिअर झालेला, मारवाडी व्यापारी घरातला. सुट्टी असूनही ओला मका अचानक आला म्हणून तो इंजिन सुरू करायला गेला, तर झडप जागेवर नाही. इंजिनखोलीचं कुलूप शाबूत. किल्ल्या दोनच, एक त्याच्याकडे, दुसरी इंजिन चालवणाऱ्या ऑपरेटरकडे. ऑपरेटर तापीकाठच्या गावचा, पन्नाशीचा, आणि नेमका सणाला गावी गेलेला.

"मॅडम, आणखी काय पुरावा हवा?" मालक म्हणाला. "फक्त घरी आमच्या माजींना यातलं काही कळू देऊ नका. आईला बीपी आहे."

मी ते मान्य केलं. पहिली चूक.

गुन्हा नोंदवला, पंचनामा केला, ऑपरेटरला नोटीस देऊन चौकशीला बोलावलं. संध्याकाळी घरी सोडताना त्याला ताकीद दिली, कारखान्याकडे किंवा मालकाच्या घराकडे फिरकायचं नाही. दुसरी चूक.

दोन दिवस आम्ही त्याला एकच विचारत होतो, झडप कोणी चोरली? आणि तो एकच उत्तर देत होता.

"कोनीच नही चोरी, मॅडम."

"मग काय पंख फुटले तिला?" आमचे हवालदार ओरडायचे.

"मी काय सांगू, दादा. चोरी नही व्हयनी."

तो घाबरलेला नव्हता, चिडलेलाही नव्हता. मान खाली घालून बसायचा, वेळ झाली की डबा उघडायचा, अर्धी भाकरी हवालदारांपुढे सरकवायचा. असा आरोपी फार ताप देतो. खोटं बोलणारा कुठेतरी अडखळतो. हा अडखळतच नव्हता.

तेवढ्यात खबऱ्याचा फोन आला, भंगारवाल्याकडे झडप आली आहे. जीप काढली, दोन पंच गोळा केले, छापा टाकला. निघाली विहिरीच्या पंपाच्या तळाची गंजकी झडप, फूटवॉल.

"झडपच आहे ना, मॅडम?" हवालदार म्हणाले.

मी जीप ठाण्याकडे वळवायला सांगितली. मनात आलं ते लिहिण्याजोगं नाही.

कारखान्याच्या अंगणात ओल्या मक्याला वास सुटू लागला होता. मालक वरपर्यंत पोहोचला होता. साहेबांचा फोन आला, "उद्या अटक दाखवा, किती दिवस चहा पाजणार त्याला?" अटक दाखवणं अवघड नव्हतं. पण एकदा चोर म्हणून नोंद झाली की त्या माणसाच्या हातात जिल्ह्यात कोणी इंजिनाची किल्ली देणार नव्हतं, आणि दुसरं कुठलंच काम त्याला येत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी अटकेचे कागद तयार करायला बसले. मला कागद वरपासून खालपर्यंत वाचायची सवय आहे. पंचनाम्याच्या अकराव्या ओळीत लिहिलं होतं: 'झडपेच्या जागी नळीचे तोंड स्वच्छ कापडाने झाकून सुतळीने बांधलेले, चारही बोल्ट वाटीत ठेवलेले.'

मी ती ओळ पुन्हा वाचली. चोर नळीचं तोंड बांधून ठेवत नाही. आत धूळ जाऊ नये ही काळजी ज्याला झडप परत बसवायची आहे, त्यालाच असते.

ऑपरेटर आला तेव्हा मी आवाज न चढवता विचारलं, "परत कधी बसवणार होतास?"

"दसराना दुसरा दिन," तो म्हणाला, आणि मग जीभ चावली.

बाकीचं यायला पाच मिनिटं लागली. मालकाच्या घरात खंडेनवमीला प्रत्येक यंत्रातली एक लोखंडी वस्तू घरी आणून पूजण्याची रीत. आदल्या वर्षी माजींनी इंजिनाच्या पॅनेलला हळदकुंकू वाहिलं, तेव्हा मुलगा संतापला आणि त्याने पूजाच बंद केली. म्हणून या वर्षी माजींनी ऑपरेटरला गुपचूप सांगितलं, इंजिनाचं काहीतरी आण, माझ्या मुलाला सांगू नकोस. एखादा पाना नेला असता तरी चाललं असतं.

"पाना कसाले?" तो म्हणाला. "इंजिनना जीव ते झडपमा शे. देवले खोटं कसं दाखाडू?"

"अरे, मग दोन दिवस तोंड शिवलं होतं का?"

"माजीले सबद दिधा व्हता, मॅडम. अनी तुम्ही तथा, माजीना घर, जाऊ नको म्हने."

मालकाला घेऊन त्याच्या घरी गेले. माजींनी देवघरातून लाल कापडातली झडप आणली. वर कुंकू, तुपाचा हात, आत झेंडूच्या पाकळ्या.

"बाईसा, मी रोज वाट बघते आहे," त्या मला म्हणाल्या. "हा ऑपरेटर न्यायला येईना. मला वाटलं, गावी आजारी पडला की काय." मग मुलाकडे वळून, "तू झडप हरवल्याचं मला सांगितलं का नाहीस?"

"तुला त्रास होईल म्हणून."

"मला त्रास होईल म्हणून पोलीस बोलावले?"

मालक पाकळ्या काढत बसला. झडप धुऊन, पुसून ऑपरेटरनेच बसवली. इंजिन चालू व्हायला दुपार झाली. गैरसमजातून दाखल झालेला गुन्हा म्हणून मी 'क' समरीचा, म्हणजे प्रकरण बंद करण्याचा, अहवाल न्यायालयात पाठवला.

जप्त केलेली किल्ली परत घ्यायला ऑपरेटर ठाण्यात आला. पोचपावतीवर सावकाश सही केली.

"मॅडम, 'परत कधी बसाडशी' हाई पयले दिनच इचारं असतं ते मी सांगी देतू."

मी किल्ली त्याच्या हातात ठेवून त्याला जायला सांगितलं. आई, मुलगा आणि ऑपरेटर एकमेकांना जपत गप्प बसले, त्याचा राग मी बरेच दिवस बाळगला. पण ते घरातल्यासारखे होते, तपास करणारे नव्हते. चोरी झाली हे आधी ठरवून मग चोर शोधत बसले, ती मी. झडप परत येणार आहे असं अकरावी ओळ पहिल्या दिवसापासून सांगत होती, आणि त्या पंचनाम्यावर माझ्या तपासणीची सही होती.