उसनं मशीन, विकतचे हेडफोन

आमच्या लिंबाच्या झाडाखाली मेथी फार छान येते, कारण तिथली जमीन कमरेइतकी खोल खणलेली आहे. ती मी खणली आहे. मेथीसाठी नाही.

नव्या शतकाची पहिली चार-पाच वर्षं होती आणि आम्ही ऑकलंडच्या अल्बनी उपनगरात नवं घर घेतलं होतं. मॉल नवा, रस्ते नवे, आणि हिरवळ तर सतरंजीसारखी गुंडाळून आणून पसरलेली. (खरंच गुंडाळून आणतात. मला वाटलं, बिल्डर चेष्टा करतोय.) त्या वर्षी गणपतीला पुण्याहून सासूबाई आल्या. येताना त्यांनी शाडूच्या मातीचं पुडकं आणलं होतं, ते विमानतळावरच काढून घेतलं. बाहेरची माती या देशाला चालत नाही. मला वाटलं, आता सासूबाई चिडणार. पण त्यांच्या चेहऱ्यावर आदर दाटून आला.

"सोवळ्याची आहेत हो माणसं!" त्या म्हणाल्या.

सोवळं हा त्यांच्या जिव्हाळ्याचा विषय. पूजेला नेसायचं वस्त्र वेगळं भिजवायचं, वेगळं वाळत घालायचं, तेही काठीने, आणि वाळेपर्यंत त्याला कुणी शिवायचं नाही. शिवलं की पुन्हा पाण्यातून काढायचं. माझं सोवळं मात्र दुकानातून आणलेलं, तयार शिवलेलं होतं. कमरेला इलॅस्टिक आणि बाजूला चक्क चेनचा खिसा!

"सोवळ्याला खिसा कशाला?" सासूबाईंनी विचारलं. "देवाकडून सुटे परत घ्यायला?"

माझी बायको मेधा तेव्हापासून मला 'इलॅस्टिक गुरुजी' म्हणते.

तर, हेन्डरसनहून कुंभारकामाची माती आणून मी मूर्ती केली. सोंड जरा आखूड झाली, पण सासूबाई म्हणाल्या, "असू दे, लहान आहे अजून." मग त्यांनी स्वतःच्या गळ्यातली बोरमाळ काढून बाप्पाच्या गळ्यात घातली. ही माळ त्यांच्या आईची. आईने त्यांना दिली होती आणि आता त्या ती आपल्या लेकीला देणार होत्या. गणपती झाले की परत जायच्या आधी स्वतःच्या हाताने मेधाच्या गळ्यात घालायची, एवढ्यासाठी त्या सत्तराव्या वर्षी दोन विमानं बदलून आल्या होत्या.

पाचव्या दिवशी विसर्जन. मेधा हॉस्पिटलच्या फार्मसीत ड्युटीवर, सासूबाई स्वयंपाकघरात वाटली डाळ करण्यात गुंतलेल्या, आणि इलॅस्टिक गुरुजी एकटेच उत्तरपूजेला. मागच्या अंगणात बादलीत विसर्जन केलं. दोन दिवसांत माती विरघळली, ती मी लिंबाच्या मुळाशी ओतली आणि हात धुऊन घरात आलो.

"बोरमाळ कुठे ठेवलीस रे?" मेधाने विचारलं.

"कुठली बोरमाळ?"

हे दोन शब्द मी आयुष्यात पुन्हा उच्चारणार नाही.

"श्रीकांत! बाप्पाच्या गळ्यातली!"

मी आठवायला लागलो. हार काढला होता. दुर्वा काढल्या होत्या. इथे जास्वंद मिळाली नाही म्हणून लावलेलं कागदाचं फूलसुद्धा जपून काढलं होतं. पण बोरमाळ? बोरमाळेच्या जागी डोक्यात नुसती आरतीची घंटा वाजत होती.

"मातीबरोबर विरघळली वाटतं," मी म्हणालो.

"सोनं? पाण्यात? अरे, मी फार्मासिस्ट आहे!"

मग तिचे डोळे भरून आले. "आईला कळता कामा नये," ती हळूच म्हणाली. "मी सांगेन, माळ कपाटात जपून ठेवलीय म्हणून." "आजीची एवढी एकच वस्तू आहे रे तिच्याकडे." मला माझी मनापासून लाज वाटली. सासूबाईंचं परतीचं विमान दोन आठवड्यांवर होतं.

आधी मी पुरणाची चाळणी घेऊन लिंबाखालची माती चाळली. गांडुळं मिळाली. रात्रभराच्या पावसाने बाप्पाची माती हिरवळीत पार जिरून गेली होती. तेवढ्यात घरातून हाक आली, "मेधा, पुरणाची चाळणी कुठे गं?" मी ती घाईघाईने पाइपखाली धुऊन खिडकीतून आत सरकवली. (त्या आठवड्यातल्या पुरणपोळीला मी 'पोट भरलंय' म्हणून नमस्कार केला. लग्नानंतर पहिल्यांदाच.)

मग मला ट्रेव्हर आठवले. ट्रेव्हर म्हणजे कुंपणापलीकडचे रिटायर्ड प्लंबर. ओहोटी लागली की जॅन्डल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, घालून समुद्रावर जायचे आणि मेटल डिटेक्टरने वाळूतल्या हरवलेल्या अंगठ्या शोधायचे. त्यांनी मशीन लगेच काढून दिलं, सोबत हेडफोनही. कुठल्याशा जुन्या वॉकमनचे ते हेडफोन निळ्या चिकटपट्टीने बांधलेले होते.

मी मशीन सुरू केलं आणि अंगणाने बोंब ठोकली. टूं! खिळा. टूं! खिळा. टूं टूं! बिजागरी. आमच्या बिल्डरने घर बांधून उरलेलं सगळं सामान जमिनीत ठेवून वर ती गुंडाळलेली हिरवळ अंथरली होती. पहिल्या सकाळी मी डबाभर खिळे आणि एक अख्खी मोजपट्टी बाहेर काढली.

"नेल्स शाउट, मेट," ट्रेव्हर कुंपणावरून म्हणाले. "गोल्ड व्हिस्पर्स."

खिळे ओरडतात, सोनं कुजबुजतं! मला मार्ग सापडला. कुजबुज ऐकायची तर कान चांगले हवेत. इंटरनेटवर बघितलं, तर डिटेक्टरसाठी महाग हेडफोन घ्यावेत की नाही, यावर जगभरची मंडळी हमरीतुमरीवर आलेली. अर्धे म्हणत, सगळे सारखेच. उरलेले म्हणत, महाग हेडफोनमध्ये मुंगीचं पाऊल ऐकू येतं. मी पुण्याचा. सगळे सारखेच असतात, हे वाक्य आम्ही कुठल्याच बाबतीत मान्य करत नाही. मी सगळ्यात महाग हेडफोन मागवले.

"डोन्ट नीड देम, मेट," ट्रेव्हर म्हणाले.

"मशीन उसनं आणि हेडफोन विकत?" मेधा म्हणाली. "शेजाऱ्याची सायकल मागून आणायची आणि तिला आपण चांदीची घंटी बसवायची!"

हेडफोन आले. नारळाच्या करवंट्यांएवढ्या त्यांच्या वाट्या! कानांवर चढवल्या आणि जग बंद झालं. पक्षी बंद, रस्ता बंद, मेधा बंद. (तिसरी सोय जाहिरातीत दिलेली नव्हती.) लिंबाखाली गेलो, मशीनची तबकडी जमिनीवरून फिरवली, आणि काय सांगू! खिळ्यांच्या गोंगाटामागून एक नाजूक, गोड 'टुंऽऽ' आला. कुजबुज! मशीनच्या साध्या स्पीकरवर ती ऐकूच येत नव्हती. ट्रेव्हरच्या चिकटपट्टीवाल्या हेडफोनमध्येही नाही. फक्त माझ्या हेडफोनमध्ये! मी कुदळ उचलली.

इथे एक सांगायला हवं. त्याच लिंबापासून कुंपणापर्यंत सासूबाईंनी स्वतःच्या उंचीच्या मानाने एक दोरी बांधली होती. (त्यांची उंची चार फूट दहा इंच.) त्या दोरीवर माझं सोवळं वाळत होतं. नवरात्रात लागेल म्हणून त्यांनी ते काठीने भिजवून काठीनेच वाळत घातलं होतं, आणि त्याची खालची बाजू जमिनीपासून जेमतेम वीतभर वर लोंबत होती. मी बरोबर त्याच्याखालची जमीन खणत होतो. वर उठलो की डोकं सोवळ्याला!

"श्रीकांतराव! शिवलात ना!" सासूबाई ओरडायच्या.

मला ऐकू यायचं नाही. मग त्या काठीने माझ्या खांद्यावर टकटक करायच्या. मी हेडफोन काढायचो.

"काय करताय काय तुम्ही?"

"मेथी लावायचीय, आई. माती तपासतोय."

"मेथीसाठी कानाला लावावं लागतं इथे?"

"हो. इथली पद्धत आहे."

त्यांनी ते खरं मानलं. ज्या देशात विमानतळावर माती पकडतात, तिथे मेथीचे हाल ऐकूनही घेत असतील! त्या सोवळं पुन्हा बादलीतून काढायच्या आणि पुन्हा ठिबकत वाळत घालायच्या. वर ऑकलंडचा सप्टेंबर. दर तासाला पाऊस. "ड्रायरमध्ये घालू का?" मेधाने एकदा सुचवून पाहिलं. "ज्यात तुमचे पायमोजे फिरतात त्यात?" असं म्हणून सासूबाईंनी तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं, की तो विषय संपला.

इकडे मला एक विचित्र गोष्ट जाणवायला लागली. जमिनीवर तबकडी फिरवली की कुजबुज यायची. हातभर खणून तबकडी खड्ड्यात घातली की बंद! बाहेर काढली की पुन्हा चालू! मी इंजिनिअर आहे. मी सिद्धान्त मांडला.

"मेधा, सोनं जड असतं. मी खणतोय तसतशी ती खाली खाली सरकतेय."

"श्रीकांत, बोरमाळ आहे ती. घोरपड नव्हे."

पण मी ऐकलं नाही. (हेडफोन!) दुसऱ्या दिवशी खड्डा गुडघ्याइतका. ऑफिसात आजारी असल्याचं कळवलं. चौथ्या दिवशी मांड्यांपर्यंत, आणि खाली चहाच्या रंगाचं पाणी. सासूबाई उत्साहाने मी काढलेल्या मातीच्या ढिगावर मेथी पेरायला लागल्या. पाठोपाठ धने पेरले. "हौशी आहेत हो जावई," त्या फोनवर पुण्यात सांगत होत्या, आणि ते ऐकून मला खड्ड्यातच राहावंसं वाटत होतं. मेधा रोज कामावरून आली की नुसती माझ्याकडे बघायची. मी मान हलवायचो. ती आत जायची. जेवणं दोघांचीही उडाली होती.

विमानाला चार दिवस उरले. शनिवारी सकाळी मी कमरेइतका आत उभा होतो, तेव्हा ट्रेव्हर फाटकातून आले.

"हाउ आर द फॅन्सी हेडफोन्स, मेट?"

मी हेडफोन आणि मशीन त्यांच्या हातात दिलं. त्यांनी वाट्या कानांवर बसवल्या, खड्ड्याच्या काठावर तबकडी धरली आणि भुवया उंचावल्या. कुजबुज त्यांनाही ऐकू आली! मग पाठीला रग लागली म्हणून त्यांनी मशीन जरा वर उचललं, आणि थबकले.

"हँग ऑन."

अजून वर उचललं. अजून थोडं. तबकडी सोवळ्यापासून बोटभर अंतरावर थांबली.

"मेट," ते शांतपणे म्हणाले, "युअर गोल्ड इज इन युअर लॉन्ड्री."

तेवढ्यात सासूबाई काठी घेऊन धावत आल्या. "ओ ट्रेव्हरभाऊ! शिवू नका! सोवळं आहे ते!" ट्रेव्हरना त्यातली फक्त काठी कळली. त्यांनी मशीन खाली टाकून दोन्ही हात वर केले.

मी सोवळ्याकडे बघत होतो. लोंबणाऱ्या कोपऱ्यातला चेनचा खिसा माझ्या नाकासमोर होता. आणि एकदम सगळं आठवलं. मी बोरमाळ काढली होती. मूर्ती उचलायला दोन्ही हात हवेत म्हणून ती खिशात टाकली होती, चेन लावली होती आणि किती व्यवस्थित आहोत आपण, असं वाटून खिशावर थोपटलंही होतं! पण सोवळ्याला खिसा असतो याची जन्मात सवय नाही. सोवळं सुटलं, त्याबरोबर खिसाही डोक्यातून गेला.

"आई," मी खड्ड्यातूनच म्हणालो, "मेथी वगैरे काही नव्हतं." आणि सगळं सांगून टाकलं.

सासूबाईंच्या हातातली काठी गळून पडली. त्यांनी पुढे होऊन ते ओलं सोवळं दोन्ही हातांनी धरलं, न शिवण्याचे सगळे नियम विसरून, आणि चेन उघडली. बोरमाळ त्यांच्या तळहातावर आली. ओली, पण एक मणी इकडचा तिकडे नाही. मी मान खाली घातली.

"मेधा!" त्यांनी हाक मारली. मेधा धावत आली. माळ पाहिली आणि लहान मुलीसारखी रडायलाच लागली.

"म्हणजे तूही होतीस यात?" सासूबाई म्हणाल्या. मग त्यांना काय झालं कोण जाणे, ढिगावरच्या मेथीत मटकन बसल्या आणि हसत सुटल्या. "अगं, म्हणजे इतके दिवस मी काठीने सोनं वाळत घालत होते!"

हसू ओसरल्यावर त्यांनी पदराने डोळे पुसले. "वेडे आहात दोघं. आधी सांगायचं होतंत. माळ गेली असती तर वाईट वाटलं असतं, रडले असते चार दिवस. पण तुम्ही दोघांनी उपाशी राहायचं?" आणि तिथेच, त्या चिखलात, मातीने मळलेल्या हातांनी त्यांनी बोरमाळ मेधाच्या गळ्यात घातली. औक्षण नाही, पाट नाही, रांगोळी नाही. मी खड्ड्यात उभा राहून बघत होतो आणि मला फार बरं वाटत होतं.

"स्वीट ॲज," ट्रेव्हर म्हणाले, म्हणजे इथल्या बोलीत 'झकास', आणि त्यांनीही नाक पुसलं.

ही गोष्ट आमच्या मराठी मंडळीत पसरल्यापासून दर गणपतीत कुणीतरी मला हटकून विचारतं, "काय श्रीकांतराव, डिटेक्टरला महागाचे हेडफोन घ्यावेत का हो?" मी सांगतो, डोळे झाकून घ्या. माझ्या हेडफोननी पहिल्या मिनिटापासून खरं तेच सांगितलं होतं. त्या दोन उत्तम वाट्यांच्या मधोमध जे बसवलेलं होतं, तेवढंच काय ते हलक्या प्रतीचं होतं.