तीन नियम आणि गुरुग्रामची कचेरी

प्रिय रेवा आणि निषाद,

मिरजेहून निघालेली गाडी निजामुद्दीन स्टेशनला पन्नास मिनिटं उशिरा पोचली. मेधामावशी फलाटावर उभी होती. ओढणी दोन्ही खांद्यांवरून पुढे सोडलेली, हातात फोन, नजर फोनवर. मला बघून हसली, पण आधी फोनवर काहीतरी लिहून संपवलं आणि मग माझी बॅग घेतली.

"आज रजा नाही का घेतलीस?"

"घेतलीय ना. म्हणून तर लगेच उत्तर द्यावं लागतं."

तुम्हाला आता सांगायला हरकत नाही. मेधाला तेव्हा पाचवा महिना सुरू होता. सुहासकाका फौजेत, त्या वेळी राजस्थानात होते. म्हणून मी फरीदाबादला तिच्याकडे तीन आठवडे राहायला गेले होते.

तिचं घर सातव्या मजल्यावर. जेवणाच्या टेबलाच्या एका टोकाला ताटं, दुसऱ्या टोकाला लॅपटॉप. लॅपटॉप वाजला की तिचा घास तोंडातच थांबायचा. दोन दिवस मी ते पाहिलं. तिसऱ्या दिवशी, शुक्रवारी, तिने मला समोर बसवलं. "आई, उद्या ऑफिसात फॅमिली डे आहे. सगळ्यांना आईवडील घेऊन बोलावलंय. नाही गेलं तर तेही बघितलं जातं. फक्त तीन गोष्टी लक्षात ठेव. मला बरं नाही असं म्हणायचं नाही. सुहास कधी येणार ते सांगायचं नाही. आणि बाळाबद्दल एक अक्षर नाही."

"ऑफिसात कोणालाच माहीत नाही?"

"कोणालाच नाही."

मग तिने कारण सांगितलं. तिच्या कंपनीत दर काही महिन्यांनी माणसं कमी करतात. प्रत्येक मॅनेजरने ठरलेल्या संख्येइतकी नावं वर द्यायची. ज्याचं नाव गेलं त्याला पंधरा मिनिटांच्या मीटिंगचं बोलावणं येतं. तो एका छोट्या काचेच्या खोलीत जातो आणि परत येतो तो फक्त आपली पिशवी उचलायला. दिवाळीआधी तिच्या एका मैत्रिणीने दिवस गेल्याचं साहेबांना तोंडी सांगितलं होतं. तीन आठवड्यांनी तिचं काम कमी पडतंय असं निघालं. मेधाच्या साहेबांची पुढची यादी सोमवारी जायची होती. तेवढा सोमवार गेला की सांगेन, असं तिने ठरवलं होतं. पोट ओढणीखाली होतं आणि सोमवार तीन दिवसांवर.

शनिवारी साडेनऊला निघालो. फरीदाबादहून गुरुग्रामचा रस्ता अरवलीच्या बुटक्या टेकड्यांमधून जातो. दोन्ही बाजूंना कीकर (आपली वेडी बाभूळ), मधूनच एखादा सेमल (काटेसावर) लाल फुलांनी भरलेला, आणि कठड्यावर ओळीने माकडं. मी हे सगळं तुमच्यासाठी टिपून घेत होते, तेवढ्यात मेधाने गाडी थांबवायला सांगितली. ती उतरून वाकली. तिची पाठ धरून मी उभी होते. ड्रायव्हरने पाण्याची बाटली पुढे केली. "मैडम, इलायची रख लो मुँह में."

तेवढ्यात फोन वाजला. मेधाने तोंड पुसलं, एक श्वास घेतला आणि अगदी स्वच्छ आवाजात म्हणाली, "हाँ यार, बिल्कुल, रास्ते में ही हूँ." बाळांनो, मला खरी भीती तिथे वाटली. इतकं बेमालूम लपवायला माझी मुलगी कधी शिकली?

कचेरीच्या दारात माझ्या फोनच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावली आणि पर्स यंत्रातून काढली. पहारेकऱ्याने माझा अडकित्ता वर धरला. "माताजी, ये कौन-सा हथियार है?"

"सुपारी काटने का."

"इत्ती उमर में सुपारी?" तो हसला, अडकित्ता ठेवून घेतला आणि मला चिठ्ठी दिली. मेधा हसली नाही.

आत फुगे होते, माळा होत्या. आमच्यासारखे चाळीसेक आईबाप, कोणी रेशमी साडीत, कोणी पागोट्यात. टेबलांच्या लांब रांगांमधून मेधाने मला फिरवून आणलं. कोपऱ्यातली काचेची खोली ओळखायला मला कोणाला विचारावं लागलं नाही. येणारेजाणारे सगळे त्या खोलीकडे न बघता पुढे जात होते.

तिचे साहेब, गौरव, पस्तिशीचा मुलगा. हातात माइक घेऊन आईवडिलांची अंताक्षरी चालवत होता. त्याच्या आई बल्लभगढकडच्या. माझ्या शेजारीच येऊन बसल्या आणि पाचव्या मिनिटाला आमची ओळख जुनी झाली. "म्हारा छोरा (मुलगा) इतवार को भी रोटी छोड़ के फोन उठावै है," त्या म्हणाल्या. "थारी बेटी का भी यही हाल?"

"यही हाल."

मग खाणं आलं. छोले, कुलचे (मऊसर जाड रोटी) आणि कापलेली फळं. मेधाने माझी आणि तिची ताटली आणली. आम्ही बोलत होतो. बोलता बोलता माझा हात तिच्या ताटलीकडे गेला आणि मी त्यातल्या पपईच्या फोडी उचलून माझ्या ताटलीत ठेवल्या. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. पण माझ्या आईने माझ्यासाठी ते केलं होतं, आणि हाताने मला विचारलं नाही.

गौरवच्या आई बघत होत्या. फोडींकडे, मग मेधाच्या ओढणीकडे.

"कौन-सा महीना चढ़ा है छोरी को?"

मी पित्त म्हणाले, पोट म्हणाले. त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "बहन, हमने पाँच जने हैं (पाच बाळंतपणं केली आहेत). गौरव ने बताऊँ (गौरवला सांगते), घणा खुश होगा." आणि त्या खरंच उठू लागल्या. चेहऱ्यावर निव्वळ आनंद. मी त्यांचा हात घट्ट धरला.

"अभी नहीं. नज़र लगती है."

"अच्छा," त्या खाली बसल्या. "तो घर जाके बताऊँगी."

म्हणजे संध्याकाळी. म्हणजे सोमवारच्या आधी.

मी मेधाला चहाच्या खोलीत ओढत नेलं आणि सगळं सांगितलं. तिचा चेहरा पांढरा पडला. "आई, तीनच गोष्टी सांगितल्या होत्या."

"हो. मी चुकले. आता फोन काढ आणि लिही. गौरवला, आणि नेमणुका बघणाऱ्या विभागाला, दोघांना एकदमच."

"आधी यादी जाऊ दे ना."

"त्या बाई सोमवारपर्यंत गप्प राहतील?"

तिने फोन बाहेर काढला. मग म्हणाली, "तुला वाटतं हे लोक कागदाला घाबरतात?"

"मी छत्तीस वर्षं कॉलेजच्या कचेरीत आवक-जावक सांभाळली. तोंडी आलेली गोष्ट आलीच नव्हती म्हणता येते. लेखी आलेली म्हणता येत नाही."

तीनच ओळी मी इंग्रजीत सांगितल्या: पाचवा महिना आहे, अपेक्षित तारीख अमुक, डॉक्टरांचं पत्र सोबत जोडलं आहे. तिने लिहिल्या. मग तिचा अंगठा पडद्यावर थांबला.

"तू दाब," ती म्हणाली.

"नाव तुझं आहे, मेधा."

तिने दाबलं. घड्याळात बारा चाळीस झाले होते.

हॉलमध्ये परत आलो तेव्हा गौरव माइक दुसऱ्याच्या हाती देऊन फोन वाचत होता. वाचून झाल्यावरही त्याने मान वर केली नाही. मग आमच्याकडे आला, मेधाला "बधाई हो" म्हणाला. ती पाणी आणायला गेली तसा तो हळूच मला म्हणाला, "आंटी, लिखवा दिया, अच्छा किया."

"सोमवार की लिस्ट में इसका नाम था?"

त्याने आपल्या आईकडे पाहिलं. त्या कोणाला तरी फळं वाढत होत्या. "गिनती ऊपर से आती है, आंटी. मेरे लिए भी कोई गिनती रखता होगा." मग म्हणाला, "अब इसका नहीं दे सकता. किसी और का देना पड़ेगा. आप चाय लीजिए."

मी चहा घेतला.

बुधवारी मेधा घरी आली आणि माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपली. उठल्यावर एवढंच म्हणाली की काल तिच्या रांगेतलं एक टेबल रिकामं झालं. कोणाचं, ते मी विचारलं नाही आणि तिनेही सांगितलं नाही.

आता मी परत सांगलीत आहे. मेधाची तब्येत बरी आहे, नोकरी आहे. मी जे केलं ते उद्या पुन्हा करीन. पण दुपारी जरा पडले की मला तो हॉल दिसतो आणि मी एकेक चेहरा आठवू लागते. त्या चाळीस जणांत कोणाची तरी आई होती. ती त्या दिवशी ठेवणीतली साडी नेसून आली होती, मुलाची कचेरी बघून खूश होती, आणि मी चहा घेत असताना माझ्या आसपासच कुठेतरी टाळ्या वाजवत होती.

तुमची,
आजी