तिसऱ्या केमोच्या शोधात

नारायणगावच्या त्या दवाखान्यात सिस्टरने माझी फाईल उघडली, दोन पानं उलटली आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"भाऊ, पेशंटचं नत्र कमी आहे. शेणखत घाला."

अवसरीहून निघताना घाईत मी चुकीची पिशवी उचलली होती. दोन्ही पिशव्या खताच्या दुकानातल्याच. एकीत बायकोचे रिपोर्ट, दुसरीत खालच्या वावराचं माती परीक्षण. ते माती परीक्षण मी जीपमध्ये अख्खी वाट छातीशी धरून आणलं होतं.

सुनंदाचं ऑपरेशन पुण्यात झालं. सहा केमो सांगितल्या, दोन झाल्या. दुसरीनंतर चाकणच्या गर्दीत गाडी अडकली आणि ती चार वेळा ओकली. घरी येऊन भिंतीकडे तोंड करून निजली. "बास झालं. आता पुण्याचं नाव काढू नका." तिसरी पुढच्या आठवड्यात होती. ती जवळपास कुठे देतात का, एवढंच बघायला मी निघालो होतो.

"कुणाला आहे?" सिस्टरने विचारलं.

"आमच्या एका पाव्हण्यांना."

आमच्याकडे या आजाराचं नाव घेत नाहीत. 'गाठ' म्हणतात, 'तसलं दुखणं' म्हणतात. सकाळी मंचरच्या दवाखान्यात तर मी 'मित्राच्या मावशीला' म्हणालो होतो. त्यांनी मावशीलाच घेऊन यायला सांगितलं.

"पाव्हण्यांचं वय माहीत नाही, औषध माहीत नाही, कागद मातीचे. डॉक्टर काय बघणार?" सिस्टर म्हणाल्या. पण माती परीक्षणाच्या पाठीमागे त्यांनी एक नाव लिहून दिलं. पिंपरी पेंढारच्या लताताई. "त्या यातून गेल्यात. भेटा."

बाजाराबाहेर टोमॅटोच्या गाड्यांची रांग होती. जीप भरेपर्यंत मी एका कॅरेटवर (टोमॅटोची प्लास्टिकची पेटी) टेकलो. कॅरेट भरलेलं होतं, हे उठल्यावर कळलं. आळेफाट्याला जीप बदलली. दोन्ही बाजूंना ऊस, मधूनच द्राक्षांचे मांडव, आणि पाठीमागून ओल्या पँटीत मी.

लताताई ओट्यावर कांदा निवडत होत्या. डोक्याला ना पदर ना रुमाल, आणि केस बोटभर. "जय भीम," म्हणाल्या, "बसा. न्हाई, तिथं नको, सतरंजी खराब व्हईल. त्या दगडावर बसा."

मासवडी (मासे नसलेली, बेसनाच्या पोळीत तीळ-खोबऱ्याचं सारण) आणि झणझणीत रस्सा पुढे आला. मी पाव्हण्यांची हकीकत सुरू केली. त्यांनी दोन घास खाऊ दिले.

"पावणं, बायकोला हाय ना?"

मी घास ताटात ठेवला. "कसं ओळखलंत?"

"पावण्यासाठी एवढा लाल व्हऊन कुणी येत न्हाई. आन् मला सांगा, उसात बिबट्या दिसला तर काय करता?"

"फोन करतो गावभर."

"मग ह्यालाच का घरात लपवून ठेवता? म्हणा, कॅन्सर हाय."

मी म्हणालो.

"कांद्याला ऐकू गेलं असंल. मला न्हाई."

"कॅन्सर आहे! माझ्या बायकोला!"

शेजारची म्हैस दचकली. कुडावरून एक म्हातारी डोकावली. "कुणाला वो?"

"ह्यांच्या मंडळींना!" लताताई ओरडल्या.

"मग नारायणगावला न्या की गुरवारी! माझ्या दिराला तिथंच चढवत्यात. पुण्याच्या डॉक्टरची चिठ्ठी लागती फकस्त."

म्हणजे मी माती दाखवून आलो, तोच दवाखाना! आजवर पुण्याच्या डॉक्टरांनाही मी हे विचारलंच नव्हतं. ओट्यावरूनच फोन लावला. सुनंदाचं पूर्ण नाव सांगितलं, आजाराचंही. ते म्हणाले, "आधी का नाही बोललात? हे औषध तिथे देता येईल. मी त्यांच्याशी बोलतो, चिठ्ठी पाठवतो. रक्त तपासून घ्या आणि ताप आला तर एक तासही थांबू नका."

निघताना लताताई म्हणाल्या, "गुरवारी मी यीन, तिच्यापाशी बसाया. आन् रविवारी विहारात आमी बाया जमतो. तिकडं बी आणा. रडायला बंदी न्हाई, पण कुजबुजायला हाय."

परतताना जीपमध्ये शेजाऱ्याने विचारलं, "कुठं गेलता?" मी सांगून टाकलं. ड्रायव्हर आरशातून म्हणाला, "माझ्या आईला व्हता. आता भांडती रोज." इतकी वर्षं या रस्त्याने फिरलो, आणि ही माणसं मला आजच भेटली. दोष रस्त्याचा नव्हता.

घरी भेटायला आलेली मंडळी बसली होती. बिस्किटांचे पुडे, उतरलेले चेहरे, सगळं दबक्या आवाजात. मी उंबऱ्यातूनच म्हणालो, "सुनंदाचा कॅन्सर आता नारायणगावला बघायचा. गुरुवारी तिसरी केमो."

"हळू की, दाजी! लोक ऐकतील," मेहुणी म्हणाली.

"ऐकू दे. ऐकलं म्हणूनच पत्ता लागला."

मी लताताईंची सगळी हकीकत सांगितली. सुनंदाने भिंतीकडून कूस बदलली. माझ्या पँटीकडे पाहिलं. लताताईंचे केस किती आलेत, ते विचारलं. मी बोट दाखवलं. डोक्याचा रुमाल सोडून तिने उशाशी ठेवला आणि पाव्हण्यांच्या देखत म्हणाली, "यीन मी गुरुवारी. पण फाईल माझ्यापाशी ऱ्हाईल. तुमच्या हातात दिली तर युरिया चढवतील मला."